फ्रेट एका पातळीत आणताना

कंधारला माझ्या टेबलावर गिटार आली की तक्रार ठरलेली असते. "काका, हे खरखर करायलंय." मी विचारतो, "कुठं करायलंय?" इथे बहुतेकजण अडखळतात. सगळीकडेच करतंय असं त्यांना वाटत असतं. मग मी गिटार सुरात लावतो आणि पहिल्या तारेच्या पहिल्या फ्रेटपासून एकेक सूर वाजवत शेवटपर्यंत जातो. मग दुसरी तार, मग तिसरी. खरखर कुठल्या तारेवर, कुठल्या फ्रेटवर, हलक्या हाताने वाजवल्यावर की जोरात, हे वहीत टिपून ठेवतो. टिपण पुरं झालं की निम्मं काम झालं असं मी धरतो. उरलेलं निम्मं कानशीचं.

गिटारच्या मानेवर साधारण २० ते २२ फ्रेट असतात, बेसवर २० ते २४. तार दाबली की ती एका फ्रेटवर टेकते आणि तिथून घोडीपर्यंतचा तुकडा थरथरतो. त्या तुकड्याखालचे सगळे फ्रेट मोकळे राहिले पाहिजेत. रांगेत एखादं पोरगं टाचा उंचावून उभं राहावं तसा एखादा फ्रेट वर आला की तार हलताना त्याला घासते आणि खरखर ऐकू येते. फरक केवढा असतो? झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या निम्म्या उंचीनेही चांगला वाजणारा सूर मरतो. हा फरक डोळ्याला दिसत नाही. कानाला कळतो, आणि सवयीने बोटाला कळू लागतो.

घर आमचं सुताराचं. वडील तिफण, वखर, बैलगाडीची जूं करायचे. ट्रॅक्टर आणि लोखंडी औजारं आली तसं ते काम आटलं आणि दारं-चौकटी उरल्या. मी वाद्यांकडे वळलो तो भजनी मंडळांच्या पेट्यांमुळे. आमच्या तालुक्यात भजनी मंडळ नाही असं गाव सापडणं कठीण, आणि पेटीचा भाता फाटला की दुरुस्तीसाठी नांदेड गाठावं लागे. भाते चिकटवता चिकटवता लोक बँजो आणू लागले, मग गिटार आणू लागले. हाताला सुतारकामाचं वळण होतंच. जोड बसवताना वडील चुलीतलं काजळ खुंट्याला लावायचे, खुंटा भोकात घालून परत काढायचे आणि जिथलं काजळ पुसलं गेलं तेवढीच जागा तासायचे. आज मी फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई लावतो आणि शाई कुठली पुसली जाते ते बघत घासतो. रीत तीच आहे.

पण कानस कशी धरायची, किती दाबायची आणि कधी थांबायचं हे मला मिरजेत कळलं. मिरजेतले तंतुवाद्यांचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीचं काम संपत चाललं तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तो हात सतार-तानपुऱ्याकडे वळवला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे, तुनीचं लाकूड आणि शिकलगारांची कानस यांतून ती परंपरा उभी राहिली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यामुळे वाद्य करणारा आणि वाद्य ऐकणारा यांची गाठ रोजचीच पडत गेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तिथल्या एका वयस्कर कारागिराशेजारी बसून मी जवारी काढताना पाहिली. तानपुऱ्याची घोडी वरून रुंद असते आणि तिला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावरून जाताना थोडी घासत, थोडी सुटत थरथरते, आणि त्या घासण्यातूनच तानपुऱ्याचा भरलेला, घुमणारा आवाज निघतो. तारेखाली सुताचा दोरा ठेवला की ती घासण्याची जागा नेमकी होते. कारागीर कानस दोन-तीनदा फिरवायचे, तार परत चढवायचे, ऐकायचे, उतरवायचे. खुली जवारी, बंद जवारी, गोल जवारी हे सगळे भेद त्या एवढ्याशा पृष्ठभागावर. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर लिहिलं आहे. तार जिथे छेडली जाते त्या जागेमुळे जे उपस्वर उठूच नयेत असा नियम होता, तेही तानपुऱ्यात आणि वीणेत ऐकू येतात हे त्यांनी दाखवलं. हा नियम असा मोडतो हे मिरजेच्या कारागिरांना पुस्तकातून माहीत नव्हतं. त्यांच्या कानाला ते आधीपासून माहीत होतं.

गिटारचं काम याच्या बरोबर उलट आहे. तानपुऱ्यात जे घासणं हवं असतं, तेच गिटारमध्ये घालवायचं असतं. कारण मात्र एकच: थरथरणाऱ्या तारेखाली सपाट जागा आली की तार तिच्यावर घासते. म्हणून फ्रेटचा माथा झिजून किंवा घासून सपाट झाला आणि तसाच राहिला, तर गिटारची तार सतारीसारखी झणझणते. पातळी सारखी केली पण माथा गोल केला नाही, तर गिटार पूर्वीपेक्षा वाईट वाजते. नुसती पातळी साधून काम संपलं असं मानणारे दुरुस्त करणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांनी हात लावलेल्या गिटार पुढे माझ्याकडे आल्या आहेत.

सतारीत गिटारला नसलेली एक सोय आहे. तिचे पडदे दोऱ्याने दांडीला बांधलेले असतात. एखादा पडदा नडला तर तो सरकवता येतो, सोडवून त्याचा बाक थोडा बदलता येतो. नांदेडला आलेल्या एका रागी जथ्याचा दिलरुबा मी हाताळला होता, त्याचेही पडदे तसेच बांधलेले. गिटारचा फ्रेट लाकडात खाच पाडून ठोकलेला असतो. तो तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचा, म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो त्याचा असतो. घासून काढलेली धातू परत चढवता येत नाही. नव्या फ्रेटची उंची एक ते दीड मिलिमीटरच्या मध्ये कुठेतरी असते आणि तेवढ्यातच त्याचं सगळं आयुष्य मावतं. म्हणून कानस लावण्याआधी मी जितका वेळ घेतो, त्याबद्दल मला कधी संकोच वाटला नाही.

उदगीरकडच्या एका चर्चमधला बेस आला होता. चार तारांचा, तारेची लांबी ८६४ मिलिमीटर, म्हणजे ३४ इंच. बेस गिटारचं हे माप लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत बाजारात आणलेल्या बेसपासून रूढ झालं. त्याआधी बेस म्हणजे उभा राहून वाजवायचं मोठं, बिनफ्रेटचं वाद्य. फ्रेटमुळे वाजवणाऱ्याला नेमका सूर सापडू लागला, म्हणून फेंडर यांनी त्या बेसला प्रिसिजन नाव दिलं. तेव्हा फ्रेट बिघडला की बेसचा मूळ हेतूच बिघडतो.

घेऊन आलेला तरुण दर रविवारी प्रार्थनेत वाजवायचा. तक्रार नेमकी होती, याचं मला बरं वाटलं: "जी तारेवर सातव्याच्या पुढं सूर टिकतच नाही, दादा. दाबला की मरतो." मी बघितलं तर घोडी पार वर चढवलेली. बाराव्या फ्रेटवर तार चार मिलिमीटरच्याही वर होती. खरखर लपवायचा हा सोपा उपाय कुणीतरी करून ठेवला होता. तार उंच केली की ती फ्रेटला कमी घासते, पण बोटाला दुप्पट जोर लागतो आणि खोलवर दाबताना ताण वाढून सूरही चढतो. त्या पोराच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले होते, आणि तो बेसुरा वाजवतो असं चर्चमधली मंडळी त्याला सांगत होती.

आधी मान सरळ करून घेतली. चारही तारांचा मिळून ताण ७०-८० किलोच्या घरात जातो आणि त्याने मान पुढे वाकते. ती मागे खेचून धरायला मानेच्या पोटात लोखंडी सळई असते. १९२०च्या दशकात गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी ती कल्पना काढली आणि १९२३ मध्ये तिचं पेटंट मिळालं. तारा सैल केल्यावर ताण जातो आणि मान मागे जाऊ शकते, म्हणून तीच सळई फिरवून मान परत सरळ रेषेत आणायची. हे बघायला माझ्याकडे स्टीलची पट्टी आहे, तिला फ्रेटच्या जागी खाचा पाडलेल्या आहेत. पट्टी फ्रेटवर न टेकता लाकडावर टेकते. लाकूड सरळ आहे की नाही आणि फ्रेट सारखे आहेत की नाही हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत, तर लाकडाचा बाक फ्रेटमधून वसूल केला जातो. पाव फेरा फिरवायचा, चहा प्यायचा, परत बघायचं. लाकूड लगेच ऐकत नाही.

मग स्टीलचा एक छोटा सरळ तुकडा तीन-तीन फ्रेटवर ठेवत गेलो. मधला फ्रेट उंच असला की तुकडा डुगडुगतो आणि टक-टक आवाज येतो. चौदावा आणि सोळावा उंच निघाले. नवव्याचं वेगळंच होतं. जी तारेच्या बाजूला तो डुगडुगत होता, पण अंगठ्याने दाबला की खाली बसायचा आणि सोडला की परत वर यायचा. म्हणजे तो उंच नव्हता, खाचेतून सुटला होता. सुटलेला फ्रेट घासणं म्हणजे धातू फुकट घालवणं. कानशीखाली तो दबतो, बाजूचे घासले जातात आणि रात्रीतून तो पुन्हा डोकं वर काढतो. त्याच्या कडेने पातळ गोंद सोडला, वर लाकडी ठोकळा ठेवून शिकंजा आवळला आणि तसाच रात्रभर ठेवला. सकाळी नववा गप्प होता. बघायला गेलं तर सूर मरण्याचं मोठं कारण तिथेच मिटलं. पण चौदावा आणि सोळावा होतेच, आणि पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी खळगे पाडले होते.

फ्रेटमधलं लाकूड मास्किंग टेपने झाकलं. चुंबक असलेल्या पिकअपवरही टेप लावला, कारण शेवटी पॉलिशला बारीक लोखंडी लोकर वापरली की तिचा भुगा चुंबकाला चिकटून बसतो आणि निघता निघत नाही. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळा मार्कर फिरवला.

घासायचा दांडा मी नांदेडला सरकत्या खिडक्या करणाऱ्याकडून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा केला आहे. पाइप सरळ दिसतो, पण असतोच असं नाही. तो तपासायला जाड काच लागते. आजची काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात, इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५०च्या दशकात ही रीत बसवली, आणि द्रवाचा पृष्ठभाग स्वतःच सपाट राहत असल्यामुळे ती काचही सपाट निघते. तालुक्याच्या गावी इतका खात्रीचा सपाट पृष्ठभाग दुसरा मिळत नाही. काचेवर पॉलिश पेपर अंथरून त्यावर पाइप घासत घासत मी तो सरळ केला. त्याला दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने ३२० नंबरचा पेपर लावतो.

दांडा मानेवर ठेवला की हाताने दाबायचं नाही. त्याचं वजन पुरेसं असतं. डोक्याकडून अंगाकडे आणि अंगाकडून डोक्याकडे, तारेच्या रेषेत, पूर्ण लांबी. सुरुवातीला आवाज तुटक येतो, दांडा दोन-तीन जागीच लागतो आणि बाकीच्या फ्रेटवरून अधांतरी जातो. मग हळूहळू आवाज भरत जातो. चौदाव्या-सोळाव्यावरची शाई आधी गेली, मग अकराव्याची कड, मग एकापाठोपाठ एक सगळीकडे चकाकणारी बारीक रेघ दिसू लागली. शेवटी राहिला दुसरा फ्रेट, ए तारेखालचा खळगा. त्यात काळा ठिपका शिल्लक होता. तो पुसायचा तर बाकीचे सगळे तेवढे खाली आणावे लागले असते. मी थांबलो. खळग्याच्या दोन्ही कडा सरळ होत्या आणि तार त्यात अडकत नव्हती. तो ठिपका घालवण्यापेक्षा फ्रेटचं पुढचं आयुष्य राखणं मला महत्त्वाचं वाटलं, आजही वाटतं. बाराव्याच्या पुढच्या फ्रेटना मात्र मुद्दाम दोन हात जास्त दिले, म्हणजे मान अंगाला जुळते तिथे पातळी किंचित उतरती होते आणि जाड ई तारेला हलायला जागा मिळते.

यापुढचं काम कुणाला दिसत नाही आणि सगळ्यात जास्त वेळ तेच खातं. घासल्यावर प्रत्येक माथ्यावर चपटी पट्टी तयार झालेली असते. परत मार्कर लावायचा आणि तिकोनी कानशीने दोन्ही बाजूंनी उतार द्यायचा. कानशीच्या कडा मी साण्यावर घासून गुळगुळीत केल्या आहेत, म्हणजे लाकडाला चरा पडत नाही. उतार देत देत मधली काळी पट्टी बारीक करत आणायची आणि केसाएवढी उरली की सोडून द्यायची. ती रेघ पुसली गेली तर तो फ्रेट बाकीच्यांपेक्षा खाली गेला आणि आधीची मेहनत वाया. एक फ्रेट झाला की दुसरा, वीसच्या वीस. मग ६००, ८००, १०००, १५०० असे पाणी पेपर, शेवटी लोकर आणि ब्रासो. बोट फिरवलं तर फ्रेट आहे हे कळावं, पण कुठे टोचू नये.

तारा चढवून सुरात लावल्या, सळई थोडी सैल केली. बेसची मान अगदी सरळ ठेवत नाहीत. मध्यावर ०.३ मिलिमीटरच्या आसपास खोलगटपणा लागतो, कारण तार मध्ये सगळ्यात जास्त हलते. घोडी खाली आणली. बाराव्यावर ई तार अडीच मिलिमीटर, जी तार दोन. पोराने जी तारेवर पाचव्यापासून पंधराव्यापर्यंत एकेक सूर वाजवला, प्रत्येक सूर विझेपर्यंत थांबून. सगळे सारखे टिकले. त्याने परत एकदा वाजवून बघितलं.

आता हवेचं सांगायला हवं, कारण मराठवाड्यात वाद्याचा सगळ्यात मोठा शत्रू हवा आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा कोरडीठाक असते आणि पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. श्रावणात तीच खोली दमट होते. लाकूड सुकलं की रुंदीत आकसतं, पण फ्रेटची धातू आकसत नाही. त्यामुळे मे महिन्यात मानेच्या कडेला फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि हात सरकवताना कातडी खरचटते. खाचा सैल पडतात, गोंद सुटतो. पत्र्याच्या घरात भिंतीला टांगलेली किंवा वाजंत्र्यांच्या टेम्पोत उन्हात ठेवलेली गिटार एका उन्हाळ्यात म्हातारी होते. म्हणून फारच अडचण नसेल तर मे महिन्यात मी पातळी काढायला नकार देतो. टोकं तेवढी घासून देतो आणि दसऱ्यानंतर या म्हणतो. सुकलेल्या लाकडावर काढलेली पातळी पावसाळ्यात बदलते. दसऱ्यानंतर हवा मध्यावर आलेली असते, तेव्हा केलेलं काम टिकतं. गिऱ्हाईक नाराज होतं, पण याबाबतीत मी ऐकत नाही.

बँजोवाल्यांना मात्र नकार देता येत नाही. एप्रिल उजाडला की १४ तारखेच्या जयंतीसाठी भीमगीतं म्हणणाऱ्या गायन पार्ट्यांचे बँजो यायला लागतात. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव पोचवणाऱ्या या पार्ट्यांत ढोलकी आणि पेटीबरोबर बँजोचा मान मोठा. कंधारच्या हाजी सय्याह दर्ग्याच्या उरुसातल्या कव्वालीतही तो असतो आणि लग्नाच्या वरातीत तर असतोच. आपण ज्याला बँजो म्हणतो ते वाद्य मूळचं जपानी. १९१२ मध्ये नागोयाच्या मोरिता गोरो यांनी ते केलं. टाइपरायटरसारखी बटणं दाबली की तार खालच्या फ्रेटवर टेकते. वाजवणारे तासन्‌तास, जोरात वाजवतात, आणि सगळा मार त्या फ्रेटवर आणि बटणाच्या पट्टीवर पडतो. इथे नुसते फ्रेट सारखे करून भागत नाही. बटण सरळ खाली येतं की तिरकं, त्याखालचा नमदा झिजला का, हेही बघावं लागतं. बँजोचे फ्रेट लहान, जवळजवळ आणि अडचणीत असतात. दांडा तिथे चालत नाही. काचेच्या पट्टीवर पेपर चिकटवून दोन-दोन इंच करत जावं लागतं. हे काम मी रात्री करतो, कारण दिवसा पार्टीचा माणूस शेजारी बसून घड्याळ बघतो आणि घाईत कानस जास्त चालते.

जुन्या घरांतून कधी कधी हवाईयन गिटार येते. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या तबकड्या ऐकून ज्यांनी ती शिकली ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर स्टीलचा दांडा सरकवून वाजवायची, त्यामुळे तारा मुद्दाम उंच केलेल्या असतात. फ्रेट फक्त जागा दाखवायला, तार त्यांना टेकतच नाही. नातवाला ती साध्या गिटारसारखी वाजवायची असते आणि बोटं दुखतात म्हणून तो रडकुंडीला येतो. अशा गिटारच्या फ्रेटना कधी कुणी स्पर्शही केलेला नसतो, ते पुष्कळदा कोरे असतात. डोक्याकडची उंच पट्टी बदलली, खाचा खोल केल्या, घोडी उतरवली की झालं. कानस लागतच नाही.

आणि हे मी मुद्दाम सांगतो: माझ्याकडे "फ्रेट घासून द्या" म्हणत येणाऱ्या बऱ्याच गिटारना फ्रेट घासण्याची गरज नसते. कुठे मान वाकलेली असते, कुठे तारा वर्षानुवर्षं बदललेल्या नसतात, कुठे डोक्याकडच्या पट्टीच्या खाचा जास्त खोल गेलेल्या असतात. ते नीट केलं की खरखर जाते. न घासता जात असेल तर घासू नये, आणि तसं सांगून कमी पैसे घ्यावेत, हे मी ठरवून टाकलं आहे.

काही ठिकाणी तर घासूनही काही होत नाही. फ्रेटची उंची सुधारता येते, जागा सुधारता येत नाही. सतराव्या शतकात अहोबल पंडितांनी 'संगीत पारिजात'मध्ये वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा सांगितल्या. तार षड्ज बरोबर तारेच्या मध्यावर. गिटारमध्येही बारावा फ्रेट बरोबर मध्यावरच लागतो. तिकडे १५८१ मध्ये व्हिन्सेंझो गॅलिली, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, यांनी उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घेत पुढे जायची सोपी रीत दिली होती. पण बरोबर आकडा १७.८१७ आहे. एवढ्याशा फरकाने ६४८ मिलिमीटरच्या गिटारवर बारावा फ्रेट मध्यापासून दोन मिलिमीटरहून जास्त चुकतो. फ्रेटच्या खाचाच चुकलेल्या स्वस्त गिटार माझ्याकडे येतात. अशी गिटार कितीही पातळीत आणली तरी सुरात वाजणार नाही. ती मी परत देतो आणि कारण मोजून दाखवतो. घेऊन आलेल्याला वाईट वाटतं. तरी मोजून दाखवलं पाहिजे, नाहीतर दोष आपल्या कानाचा असं तो समजून बसेल.

या धंद्यात मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. शिवाजी कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी, कुणाच्या वाढदिवसासाठी गिटार घेतली जाते. मोबाइलवर बघून पोरगं शिकायला बसतं. एफचा बार धरता येत नाही, खरखर येते, बोटं दुखतात. घरचे म्हणतात, "आपल्या खानदानात कुणी वाजवलं का?" आणि गिटार माळ्यावर जाते. त्यातल्या बऱ्याच गिटार मी पुढे पाहिल्या आहेत. पहिल्या फ्रेटवर तार इतकी उंच की मोठ्या माणसालाही बार धरता येऊ नये. त्या पोराच्या हातात दोष नव्हता. दुकानातून आलेली गिटार बहुधा नीट बसवलेली नसते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. घरात अशी गिटार पडून असेल तर खाली काढा आणि सुरात लावा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये बघा. तिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. अजिबात फट नसेल किंवा दोन-तीन कार्डं मावत असतील, तर मान बघायला हवी. मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा, जिथे खरखर येते तिथे पेन्सिलीने कागदावर खूण करा आणि तो कागद गिटारबरोबर कारागिराकडे न्या. नांदेडला, लातूरला, पुण्याला, जिथे जमेल तिथे. नवी गिटार घ्यायचा किंवा शिकणं सोडायचा विचार त्यानंतर करा. आणि उन्हाळ्यात गिटारच्या पेटीत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवायला विसरू नका.